'विर्तुस' म्हणजे सद्गुण? थोडी पार्श्वभूमी

लॅटिन शिकायला घेतलं की 'विर्तुस' हा शब्द फार लवकर भेटतो, आणि पुढे अर्थ दिलेला असतो 'सद्गुण'. मग सीझरचा गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, युद्धाचा वृत्तांत उघडायचा आणि पहिल्याच भागात अडकायचं, कारण तिथे लिहिलंय की हेल्वेती लोक बाकीच्या गॉल लोकांपेक्षा विर्तुसमध्ये सरस आहेत, का तर त्यांची जर्मनांशी जवळपास रोज लढाई चालू असते. इथे सद्गुण घातला तर वाक्याचा काही अर्थच लागत नाही. सरळ शौर्य म्हणायचंय.

शब्द आलाय 'विर' म्हणजे पुरुष यावरून, आणि आपला 'वीर' त्याचा सख्खा भाऊ आहे. शेवटचं 'तुस' भाववाचक, जसं 'युवेन्तुस' म्हणजे तारुण्य, त्यातला 'युव' पण आपल्या ओळखीचाच. तर मुळात पौरुष, आणि जुन्या रोममध्ये पौरुष दिसायची मुख्य जागा म्हणजे रणांगण.

जुन्या काळातली एकच गोष्ट सांगतो. इ.स.पू. २२२ च्या सुमारास मार्सेलस नावाच्या सेनापतीने गॉल लोकांशी लढताना 'होनोस' आणि 'विर्तुस' या दोघांच्या देवळाचा नवस बोलला. होनोस म्हणजे मान, आणि सरकारी पदालाही हाच शब्द. इ.स.पू. २०८ मध्ये अर्पणविधीची वेळ आली तेव्हा धर्माधिकाऱ्यांनी अडवलं, म्हणाले एका गाभाऱ्यात दोन देवता चालणार नाहीत, उद्या वीज पडली तर शांत कुणाची करायची ते कळणार कसं? मग घाईघाईने विर्तुसचं वेगळं देऊळ जोडलं, पण तो स्वतः अर्पणविधी करू शकला नाही, त्याच वर्षी लढाईवर मारला गेला, आणि ते काम इ.स.पू. २०५ मध्ये मुलाने केलं. धर्माधिकाऱ्यांची अडचण विधीची होती, शब्दार्थाची नाही हे मान्य, पण मला तरी त्या निर्णयात शब्दाचा स्वभाव दिसतो. विर्तुस माणूस स्वतः करून दाखवतो, होनोस लोक देतात, दोन्ही शेजारी पण एक नाहीत.

आता खरा गुंता, रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याच्या वेळचा. ग्रीक तत्त्वज्ञान लॅटिनमध्ये आणताना 'आरेते' म्हणजे कुठल्याही बाबतीतली उत्तमता, नैतिकसुद्धा, याला शब्द हवा होता आणि त्या जागी विर्तुस बसला. सिसेरोला यातली अडचण चांगली कळत होती. इ.स.पू. ४५ मधल्या लिखाणात तो जवळपास कबूलच करतो की मनाच्या सगळ्या चांगल्या अवस्थांना आपण विर्तुस म्हणतो खरं, पण हे नाव मुळात सगळ्यांचं नसावं, त्यातली जी एक सगळ्यांत वरचढ होती तिच्यावरून बाकीच्यांना मिळालं असावं, कारण विर्तुस विरवरून आलाय आणि पुरुषाचं खास लक्षण म्हणजे धैर्य, मरणाची आणि वेदनेची पर्वा न करणं. दुसरीकडे झाडाच्या किंवा घोड्याच्या 'विर्तुस'बद्दल तो म्हणतो की हा शब्दाचा गैरवापर आहे, म्हणजे लोक तसं सर्रास बोलत असणार.

आणि हाच माणूस इ.स.पू. ५८ मध्ये हद्दपारीतून बायकोला पत्र लिहितो तेव्हा तिच्या विर्तुसचं कौतुक करतो! नुसतं पौरुष असतं तर ते तिला कसं लावलं असतं? आणि नुसता सद्गुण म्हणावं तर पुढे लगेच 'फोर्तितुदो', म्हणजे धैर्य, जोडलेलं आहे. मला तिथे 'खंबीरपणा' सगळ्यात जवळचा वाटतो.

अभ्यासकांत यावर अजून वाद आहे. २००६ साली आलेल्या एका ग्रंथात मांडलं गेलं की जुना अर्थ मुख्यतः रणांगणावरचं शौर्य, आणि नैतिक अर्थ ग्रीकांच्या प्रभावाने आला. इतरांचं म्हणणं, शब्द आधीपासूनच रुंद होता. मला पहिली बाजू जास्त पटते, तरी जुना रोमन नाटककार प्लाउतुस याच्या नाटकांत 'देवांच्या विर्तुसने' म्हणजे 'देवकृपेने' असा वापर आहे, तो या चौकटीत नीट बसत नाही हेही सांगायला हवं.

रोमन कवी ओव्हिडच्या काव्यातली चेटकीण किर्के तर वनस्पतींच्या विर्तुसबद्दल बोलते. तिथे भाषांतराला अडायची गरजच नाही, आयुर्वेदात औषधाच्या ताकदीला 'वीर्य'च म्हणतात, उष्ण वीर्य, शीत वीर्य, आणि तो शब्दही वीरपासूनच आलाय.

पुढे अर्थांची गर्दी होते. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या सोन्याच्या ढालीवर दया, न्याय, कर्तव्यनिष्ठा यांच्या रांगेत पहिला मान विर्तुसचा, मध्ययुगात सात विर्तुसांची यादी, त्याच काळात बनलेला 'विर्तुआलिस', ज्यातून आजच्या व्हर्च्युअल मीटिंगमधला व्हर्च्युअल आला. आणि लॅटिन बायबलच्या स्तोत्रात 'दोमिनुस विर्तुतुम' येतं, ते 'सद्गुणांचा प्रभू' असं वाचलं की चुकलंच, तिथे ग्रीकमधल्या सामर्थ्य किंवा सैन्य या अर्थाच्या शब्दाला विर्तुस वापरलाय. मराठी बायबलमध्ये त्या जागी 'सेनाधीश परमेश्वर' आहे.