नवी मासेमारी नौका ताब्यात घेण्यापूर्वी: नोंदणी, परवाना आणि लागणारी कागदपत्रे

कोकण किनाऱ्यावर नवी यांत्रिक नौका बांधायला घेतली की घरातील सगळ्यांचे लक्ष सांगाड्यावर, फायबरच्या कामावर आणि इंजिनावर असते. कागदपत्रांची आठवण बहुधा नौका पाण्यात उतरवण्याच्या सुमारास होते, आणि १ ऑगस्टला हंगाम उघडला तरी नवी नौका धक्क्यालाच बांधून ठेवावी लागते. म्हणून बांधणीचा करार करण्याआधी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जाऊन, ज्या प्रकारची आणि ज्या लांबीची नौका बांधायची आहे तिला नोंदणी व परवाना मिळेल का, याची लेखी विचारणा करावी. विशेषतः पर्ससीन, म्हणजे माशांच्या थव्याला घेरून खालून आवळल्या जाणाऱ्या जाळ्यांवर राज्यात कडक निर्बंध असल्यामुळे, आधी नौका बांधून मग परवाना मागायला जाणे ही मोठी जोखीम ठरते.

नोंदणी आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी नीट समजून घ्यावे. नोंदणी नौकेची ओळख ठरवते: ती कोणाची आहे, केव्हा व कुठे बांधली, तिची मापे काय आणि तिच्यात कोणते इंजिन आहे. १९५८ च्या वाणिज्य नौवहन अधिनियमात मासेमारी नौकांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र भाग होता, आणि २०२५ मध्ये संसदेने त्या अधिनियमाच्या जागी नवा अधिनियम मंजूर केला आहे. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अतिरेकी एका मासेमारी नौकेचा वापर करून समुद्रमार्गे आले होते. त्यानंतर जून २००९ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून किनाऱ्यावरील सर्व प्रकारच्या नौकांची एकसारख्या पद्धतीने नोंदणी बंधनकारक केली. परवाना मात्र मासेमारी करण्याचा असतो आणि तो महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये परवाना अधिकारी देतात. नोंदणी झालेली पण परवाना नसलेली नौका मासेमारीला नेणे हा गुन्हा आहे, आणि २०२१ च्या सुधारणेने त्यावरील दंड बराच वाढवला आहे.

अर्जदार भारतीय नागरिक किंवा भारतात नोंदलेली सहकारी संस्था असू शकते. नौका भागीदारीत असेल तर प्रत्येक भागीदाराचे नाव आणि हिस्सा सुरुवातीपासून अर्जात असावा, कारण नंतर नाव चढवणे म्हणजे मालकीच्या बदलाची वेगळी प्रक्रिया होते. नोंदणी व परवाना हे दोन्ही अर्ज रिअलक्राफ्ट या राष्ट्रीय संगणक प्रणालीवर भरले जातात. अर्ज भरताना मच्छिमार सहकारी संस्थेच्या सचिवांची मदत घ्यावी, असा माझा आग्रह आहे. डिझेलवरील मूल्यवर्धित कराची परतफेड पुढे संस्थेमार्फतच मिळते, त्यामुळे संस्थेच्या दप्तरात नौकेची नोंद पहिल्या दिवसापासून अचूक असणे मालकाच्याच हिताचे आहे.

कागदपत्रांत मालकाचे आधारकार्ड, छायाचित्र आणि रहिवासाचा पुरावा, संस्थेच्या सभासदत्वाचा दाखला, नौका बांधणाऱ्याने दिलेला बांधणीचा दाखला व त्याची पक्की पावती, इंजिनाचे खरेदी बिल, नौकेची छायाचित्रे आणि जीवरक्षक साधनांच्या खरेदीची बिले तयार ठेवावीत. कर्ज घेतले असेल तर बँकेचे मंजुरीपत्रही जोडावे, म्हणजे गहाणाची नोंद त्याच वेळी करून घेता येते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत नौकेसाठी अर्ज केला असेल, तर शासनाचा वाटा सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांसाठी ६० टक्के असतो. मात्र मंजुरीपूर्वी केलेला खर्च त्यात धरला जाईल असे गृहीत धरू नये.

यातले कोणतेच कागद मिळवणे अवघड नाही. अर्ज अडतो तो त्यांच्यातील तफावतीमुळे. बांधणीच्या दाखल्यावर वडिलांचे नाव आणि इंजिनाच्या बिलावर मुलाचे नाव, बिलातील इंजिन क्रमांकाचा एखादा अंक चुकलेला, किंवा दाखल्यावरील लांबी आणि अधिकाऱ्यांनी टेपने मोजलेली लांबी यांत फरक, अशा किरकोळ दिसणाऱ्या कारणांनी अर्ज परत येतो आणि मग नौका बांधणारा कारखानदार, इंजिन विक्रेता व कार्यालय यांच्यामध्ये मालकाच्या फेऱ्या सुरू होतात. म्हणून इंजिन नौकेत बसवण्यापूर्वीच, त्याच्या पट्टीवरील क्रमांक उघडा दिसत असताना, त्याचे छायाचित्र काढून बिलाशी ताडून पाहावे. एकदा केबिन आणि फळ्या बसल्या की तो क्रमांक वाचायला आत वाकूनही जाता येत नाही.

अर्जानंतर अधिकारी प्रत्यक्ष नौका पाहतात. त्या दिवशी ती पूर्ण झालेली असावी: राज्यासाठी ठरवून दिलेला रंग लावलेला, प्रत्येक खलाशासाठी एक जीवरक्षक जॅकेट, लाइफ बॉय, अग्निशामक, नांगर आणि दिवे जागेवर. डाव्या बाजूला तांबडा आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा हवा. ट्रॉल, म्हणजे पाण्यातून ओढत नेले जाणारे जाळे ओढणाऱ्या नौकेला हिरव्याखाली पांढरा, तर इतर जाळी मारणाऱ्या नौकेला तांबड्याखाली पांढरा दिवा लागतो. २० मीटरपेक्षा लांब नौकेवर स्वयंचलित ओळख यंत्रणा बसवावी लागते. लहान यांत्रिक नौकांसाठी इस्रोने विकसित केलेल्या ट्रान्सपॉन्डरची (उपग्रहामार्फत संदेश पाठवणाऱ्या व घेणाऱ्या यंत्राची) योजना आहे, जिचा देशव्यापी प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. भ्रमणध्वनीची कक्षा संपल्यावरही त्यातून दोन्ही बाजूंनी संदेश जातात, म्हणून नवी नौका घेणाऱ्याने त्यासाठी कार्यालयात वेळेवर नाव द्यावे. नोंदणी मंजूर झाल्यावर आयएनडी-एमएच या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक नाळेच्या दोन्ही बाजूंना, दुरूनही वाचता येईल असा रंगवावा.

कारखानदाराकडून नौका ताब्यात घेताना पाण्यातील चाचणीशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. जमिनीवर सरळ रेषेत बसवलेला पंख्याचा दांडा नौका पाण्यात तरंगू लागल्यावर किंचित हलतो, कारण सांगाड्यावरील भार वेगळ्या रीतीने वाटला जातो. त्यामुळे नौका एक-दोन दिवस पाण्यात ठेवून इंजिन आणि दांड्याची जुळणी पुन्हा तपासून घ्यावी. दांडा सांगाड्यातून बाहेर पडतो तिथून पाणी किती येते, तळातील पाणी काढणारा पंप चालतो का आणि इंजिन भार घेताना धूर किंवा थरथर वाढते का, हे तांडेलाने (नौकेच्या प्रमुखाने) स्वतः पाहावे. या चाचणीची तारीख आणि त्या वेळचे इंजिनाचे चाललेले तास कारखानदाराच्या सहीने लिहून घ्यावेत. पुढे हमीचा प्रश्न आलाच तर हाच कागद उपयोगी पडतो.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात नवी नौका मासेमारीसाठी नेता येत नाही, पण नोंदणी, पाहणी आणि परवान्याची कामे याच दोन महिन्यांत उरकता येतात. पहिल्या फेरीला निघताना नोंदणी प्रमाणपत्र, परवाना, विम्याची प्रत आणि प्रत्येक खलाशाचे ओळखपत्र नौकेवर जलरोधक पिशवीत ठेवावे, आणि तटरक्षक दलाचा १५५४ व सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक केबिनमध्ये सर्वांना दिसतील असे रंगवून घ्यावेत.