नाताळच्या युद्धविरामातील फुटबॉल (१९१४)

पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१४ मध्ये, पश्चिम आघाडीवरील ब्रिटिश व जर्मन सैनिकांनी अनेक ठिकाणी वरिष्ठांच्या हुकुमाशिवाय गोळीबार थांबवला. त्या वेळी काही जागी हे शत्रुसैनिक एकमेकांशी फुटबॉल खेळले. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ७ डिसेंबरला केलेले नाताळपुरत्या युद्धविरामाचे आवाहन सरकारांनी मानले नव्हते. जे घडले ते सैनिकांनी आपणहून घडवले, आणि या घटनेचे मोल त्यातच आहे.

२४ डिसेंबरच्या रात्री बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात जर्मन खंदकांच्या काठांवर मेणबत्त्या लावलेली नाताळची झाडे दिसू लागली. इकडच्या गाण्याला तिकडून गाण्याने उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे सैनिक खंदकांतून बाहेर पडून मधल्या जमिनीवर आले. तिथले पहिले काम बऱ्याच ठिकाणी सणाचे नव्हते: उघड्यावर पडून राहिलेले मृतदेह पुरायचे होते. काही ठिकाणी दोन्ही सैन्यांनी एकत्र प्रार्थना केली. मग तंबाखू, खाऊचे डबे, गणवेशाची बटणे यांची देवाणघेवाण झाली. खेळाची गोष्ट सांगताना हे दफन विसरले जाते. ते विसरता कामा नये.

एकच मोठा, रीतसर सामना झाला ही समजूत पुराव्याला धरून नाही. पंच नव्हते, मैदान आखलेले नव्हते. बहुतेक ठिकाणी जमेल तसा चेंडू मारणे एवढेच झाले. जर्मनीतील सॅक्सनीच्या १३३व्या रेजिमेंटमधील लेफ्टनंट योहानेस नीमान यांच्या आठवणीनुसार स्कॉटिश सैनिकांशी खेळताना टोप्या ठेवून गोलच्या खुणा केल्या होत्या आणि जर्मन ३-२ ने जिंकले. १३४व्या रेजिमेंटच्या कुर्ट त्सेमिश यांच्या रोजनिशीतही इंग्रजांनी आणलेल्या फुटबॉलची नोंद आहे. ब्रिटिश सैनिक अर्नी विल्यम्स यांना तर हा खेळ म्हातारपणीही आठवत होता. शेकडो जण चेंडूमागे धावत होते, असे त्यांनी सांगितले.

सेनापतींना हे मुळीच रुचले नाही. ब्रिटिश जनरल स्मिथ-डोरियन यांनी शत्रूशी सलगी करण्याविरुद्ध डिसेंबरच्या आरंभीच ताकीद दिली होती. १९१५ च्या नाताळात बंदी अधिक कडक झाली. तरीही थोडा वेळ युद्धविराम होऊ दिल्याबद्दल स्कॉट्स गार्ड्स या ब्रिटिश रेजिमेंटचे कॅप्टन इयन कोल्हून यांच्यावर लष्करी खटला चालला. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सोम नदीकाठच्या लढाईत ब्रिटिश कॅप्टन नेव्हिल यांच्या तुकडीने फुटबॉल पुढे लाथाडत जर्मन खंदकांवर चाल केली. त्याच हल्ल्यात नेव्हिल मारले गेले.

फ्रान्समधील फ्रेलिंगियाँ येथे २००८ मध्ये या युद्धविरामाचे स्मारक उभारले गेले. त्या प्रसंगी ब्रिटिश आणि जर्मन सैनिकांचा सामनाही झाला.