बॉबव्हाइट लाव्यासाठी कुरण-व्यवस्थापन

बॉबव्हाइट लाव्यासाठी कुरण-व्यवस्थापन : बॉबव्हाइट लाव्याला (उत्तर अमेरिकेतील, शिकार केला जाणारा एक पक्षी; कॉलिनस व्हर्जिनिअ‍ॅनस) खाद्य व आसरा देणाऱ्या वनस्पती नैसर्गिक चराऊ रानात टिकाव्यात म्हणून चराई, आग व नांगरट यांचे नियोजन करण्याची पद्धत. ती अमेरिकेच्या टेक्सस राज्यात विशेष रुजली. तेथील बहुतेक जमीन खाजगी आहे आणि शिकारीचे हक्क भाड्याने देऊन अनेक पशुपालक उत्पन्न मिळवतात.

या पद्धतीचे जनकत्व सामान्यतः अमेरिकन वन्यजीव-अभ्यासक हर्बर्ट स्टॉडर्ड यांना दिले जाते. जॉर्जिया-फ्लॉरिडा सीमेवरील पाइनच्या रानांत १९२४ पासून केलेल्या पाहणीवरचा त्यांचा ग्रंथ १९३१ मध्ये निघाला. वनखाते वणव्याविरुद्ध मोहीम चालवत असताना त्यांनी नियंत्रित आगीची बाजू घेतली. तथापि त्या भागातील लोक पूर्वीपासून रान जाळीत असत. त्यामुळे रूढ प्रथेला शास्त्रीय आधार देणारे, एवढेच त्यांना म्हणणे अधिक सयुक्तिक. वन्यजीव-व्यवस्थापनाचे अभ्यासक ऑल्डो लिओपोल्ड यांनी १९३३ मध्ये कुऱ्हाड, नांगर, गाय, आग व बंदूक ही पाच साधने सांगितली : ज्यांनी शिकारीचे प्राणी घटले, त्यांच्याच विचारपूर्वक वापराने ते पुन्हा वाढवता येतील.

हिवाळ्यात मारलेल्या लाव्याचे अन्नपुट (गळ्याशी असलेली, खाल्लेले दाणे साठवणारी पिशवी) उघडले की एरंड कुलातील क्रोटॉनच्या गुळगुळीत बिया, रॅगवीड (सूर्यफूल कुलातील एक तण), रानसूर्यफूल, शिंबावंत वनस्पतींचे दाणे आणि मधूनच एखादे हिरवे पान सापडते. यांतील बऱ्याच वनस्पती शेतकऱ्याच्या लेखी तण. त्या मोडलेल्या मातीत उगवतात, म्हणून हिवाळ्यात तव्यांच्या कुळवाने जमिनीचे पट्टे हलके उकरतात. हेच काम उन्हाळ्याकडे ढकलले तर गवतेच फोफावण्याचा संभव अधिक. पिलांना पहिले काही आठवडे मुख्यतः कीटक लागतात आणि तेही याच तणात मिळतात. घरट्यासाठी मात्र गेल्या वर्षीच्या वाळल्या गवताचे, बास्केटबॉलएवढे ठोंब हवेत, म्हणून गुरे माफक ठेवावी लागतात.

पावसाच्या वर्षी लावे भरमसाट वाढतात व अवर्षणात कोसळतात, याचे कारण वादग्रस्त आहे. वन्यजीव-अभ्यासक व्हॅल लेमन यांनी १९५३ मध्ये हिरव्या पाल्यातील अ जीवनसत्त्वाशी त्याचा संबंध जोडला. १९७६ मध्ये ऑल्डो यांचे पुत्र स्टार्कर लिओपोल्ड व सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील लाव्यांच्या संदर्भात, दुष्काळी वनस्पतींतील इस्ट्रोजेनसदृश (मादीच्या लैंगिक संप्रेरकासारखी) द्रव्ये प्रजनन रोखतात असे मांडले. बॉबव्हाइटबाबत त्याला पुरेसा आधार मिळालेला नाही. लाव्यांचे अभ्यासक फ्रेड गथरी यांच्या मते (१९९७) एकेका खाद्यवनस्पतीपेक्षा पक्ष्याला वर्षभर वापरता येणारी जागा किती, हेच निर्णायक ठरते. दाण्यासाठी वेगळी पिके पेरण्याचा किंवा धान्य टाकण्याचा लाभ बेभरवशाचा दिसतो, हे पाहता हे मत अधिक पटण्यासारखे आहे.

दक्षिण टेक्ससमध्ये चाऱ्यासाठी आणलेली परकी गवते दाट माजली की बियांची तणे दबतात आणि पिलांना चालायला मोकळी भुई उरत नाही. त्यांतील बफेलग्रास म्हणजे आपल्याकडचे अंजन गवत. आणि तेथे क्लेबर्ग ब्लूस्टेम म्हणून बदनाम असलेले गवत म्हणजे महाराष्ट्रात वैरणीसाठी मुद्दाम लावले जाणारे मारवेल.