बालदंतसेवेची गुणवत्ता

बालदंतसेवेची गुणवत्ता : मुलांच्या दातांवरील प्रतिबंधक व उपचारात्मक काम कितपत सुरक्षित, परिणामकारक, वेळेवर आणि मुलाला सोसेल असे होते, हे मोजण्याची व सुधारण्याची पद्धत. मोठ्यांच्या दंतसेवेचे निकष येथे जसेच्या तसे चालत नाहीत. दुधाचे २० दात पडण्यासाठीच आलेले असतात. त्यांतील शेवटची दाढ साधारणपणे १० ते १२ व्या वर्षापर्यंत टिकवायची असते. तोवर ती दुखली नाही, सुजली नाही आणि मूल पुढच्या खेपेला खुर्चीत बसायला तयार राहिले, तर काम चांगले झाले. किती फिलिंगे भरली, यावरून फक्त कामाचा बोजा कळतो.

दुधाच्या दाताचे दंतवल्क (बाहेरचे कठीण आवरण) कायमच्या दाताच्या साधारण निम्म्या जाडीचे असते आणि आतला मगज (नसा व रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा) दाताच्या मानाने मोठा असतो. त्यामुळे दोन दाढांच्या फटीत सुरू झालेली कीड बाहेर खड्डा दिसण्याआधीच मगजाजवळ पोहोचते. दाढा एकमेकींना चिकटलेल्या असतील, तर नुसत्या आरशाने तपासणी पुरी होत नाही. चावून धरायच्या पट्टीचा क्ष-किरण फोटो लागतो. हा फोटो न काढता ‘एवढीशी कीड’ म्हणून भरलेली दाढ काही महिन्यांत गळू घेऊन परत येते.

मापन : आरोग्यसेवेची गुणवत्ता संरचना, प्रक्रिया व फलित अशा तीन अंगांनी पाहावी, ही आव्हेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली केलेली मांडणी दंतसेवेतही रूढ आहे. फलित मोजायला किडलेले, गमावलेले व भरलेले दात यांची बेरीज (इंग्रजी आद्याक्षरांनी DMF) वापरतात. हा निर्देशांक बहुधा क्लाइन, पामर व नटसन यांच्या १९३८ च्या अहवालाशी जोडला जातो. त्याची बीजे क्लाइन व पामर यांच्या आदल्या वर्षीच्या कामात सापडतात, म्हणून १९३७–३८ असा उल्लेख अधिक सावध ठरतो. दुधाच्या दातांसाठी तीच अक्षरे लहान लिपीत लिहितात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. सहा-सात वर्षांच्या मुलाचा एखादा दात नसेल, तर तो किडीमुळे काढला की आपसूक पडला, हे तोंडात पाहून सांगता येत नाही. ही अडचण टाळण्यासाठी ग्रुबेल यांनी १९४४ मध्ये ‘गमावलेला’ हा घटक वगळून ‘काढण्याजोगा’ (e) हा घटक घेतला. पुढे अनेकांनी त्याच अक्षराचा अर्थ ‘काढलेला’ असा केला. त्यामुळे जुन्या-नव्या सर्वेक्षणांतील आकडे शेजारी ठेवण्याआधी त्या अक्षराची व्याख्या तपासलेली बरी. शिवाय या बेरजेत उघडी कीड आणि नीट भरलेला दात यांचे वजन सारखेच पडते. दवाखान्याच्या कामाचा अंदाज हवा असेल, तर भरलेल्या दातांचे एकूण बेरजेशी प्रमाण काढतात. तेही एकट्याने पुरेसे नाही, कारण वाईट भरलेला दातही त्यात ‘भरलेला’च असतो.

प्रतिबंध : ५ टक्के सोडियम फ्लोराइडच्या व्हार्निशमध्ये दर दशलक्ष भागांत सुमारे २२,६०० भाग फ्लोराइड असते. फक्त दुधाचे दात असलेल्या मुलाला ०.२५ मिलि. पुरते, दर ३ ते ६ महिन्यांनी पुन्हा लावतात. नळीतून अंदाजाने पिळण्यापेक्षा एकेका मुलाची मापून भरलेली पुडी बरी. नळीतला लेप नीट ढवळलेला नसला, तर मात्राही कमीजास्त पडते. घरी ३ वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि ३ ते ६ वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट सांगतात.

पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास, कोणताही दुधाचा दात न पाडता, मागून गुपचूप उगवते. पुष्कळ पालक तिला दुधाचीच समजतात. तिच्या खाचांवर सीलंट (खाचा बुजवणारा राळेचा लेप) लावण्याला आधार मिळाला तो मायकेल बुओनोकोर यांच्या १९५५ च्या प्रयोगाने : आम्लाने दंतवल्क खरखरीत केले की राळ त्याला घट्ट धरते. त्यांनी ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल वापरले होते. आज ३५ ते ३७ टक्क्यांचे वापरतात. क्रम असा : दाढ साफ करणे, कोरडी ठेवणे, १५ ते ३० सेकंद आम्ल, भरपूर पाण्याने धुणे, दाढ खडूसारखी पांढुरकी दिसेपर्यंत वाळवणे, सीलंटचा पातळ थर, प्रकाशाने घट्ट करणे, मग टोकदार सळईने कडा उचकटून पाहणे. निसटलेल्या सीलंटचे मूळ बहुतेकदा एकाच क्षणात असते : आम्ल धुतल्यानंतर जीभ किंवा लाळ दाढेला लागते, पांढुरका रंग जातो आणि तरीही वरून सीलंट ओतले जाते. लाळ लागली की आम्लापासून पुन्हा सुरुवात करावी. दाढेच्या मागच्या भागावर अजून हिरडीची झापड असेल, तर राळेचा हट्ट सोडून ग्लास आयोनोमर (दाताला चिकटणारे एक दंतसिमेंट) वापरणे शहाणपणाचे. ते ओलावा काहीसे सोसते.

पोलादी टोपी : दुधाच्या दाढेवर बसणारी तयार पोलादी टोपी प्रथम कोणी आणली, यावर एकमत नाही. बहुतेक पाठ्यपुस्तके हम्फ्री यांचे नाव व १९५० हे साल देतात. काही नोंदींत त्याच वर्षीच्या एंगेल यांच्या लेखाला मान मिळतो. तयार टोप्या मात्र रॉकी माउंटन कंपनीने १९४७ च्या सुमारास पुरवायला सुरुवात केली होती, असेही लिहिलेले आढळते. वस्तू व्यापारातून आली आणि तिचा बालदंतचिकित्सेतील उपयोग हम्फ्री यांनी रुळवला, असे मानल्यास हे उल्लेख एकमेकांशी जुळतात.

गुणवत्तेच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल पुढचा आहे. स्कॉटलंडमधील दंतवैद्य नॉर्ना हॉल दाढ न कोरता, कीड न काढता, भूल न देता टोपी नुसती सिमेंटने बसवत. त्यांच्या नोंदींवरील लेख २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या तुलनात्मक चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०११ मध्ये आले : वेदना, गळू यांसारखे मोठे अपयश हॉल पद्धतीत ३ टक्के, नेहमीच्या फिलिंगमध्ये १६.५ टक्के, किरकोळ अपयश अनुक्रमे ५ व ४२ टक्के. कीड अन्नापासून बंद केली की थांबते, हे यामागचे तत्त्व. ‘कीड आतच ठेवली’ हा आक्षेप अजून ऐकू येतो, पण उपलब्ध पुराव्यासमोर तो टिकत नाही.

पद्धत सोपी असली तरी निवड चुकली की फसते. आपोआप ठणकणारी, रात्री झोपमोड करणारी दाढ किंवा हिरडीवर पुटकुळी असलेली दाढ तिला चालत नाही. फोटोत कीड व मगज यांच्यामध्ये निरोगी दंतिनाची (दंतवल्काखालच्या थराची) पट्टी दिसली पाहिजे. दाढा घट्ट चिकटलेल्या असतील, तर फटीत रबरी कडे घालून ३ ते ५ दिवसांनी बोलावतात. मुलाला सरळ बसवून घशापुढे जाळीचा कपडा धरतात. सुटलेली टोपी श्वासनलिकेत जाणे हा येथील सर्वांत गंभीर धोका. दाढ झाकणारी सर्वांत लहान टोपी निवडून ती ग्लास आयोनोमरने काठोकाठ भरतात, बोटाने दाबतात आणि मुलाला चावायला लावतात. बाहेर आलेले सिमेंट लगेच पुसून फटीतून गाठ मारलेला धागा ओढतात. टोपी बसल्यावर चावा उंच लागतो, तो काही आठवड्यांत आपोआप जुळतो. हे आधी सांगितले नसेल, तर पालक घाबरून परत येतात. दुसऱ्या दुधाच्या दाढेवर फार मोठी टोपी बसली, तर मागून उगवणारी कायमची दाढ तिच्याखाली अडकू शकते.

एक सावधगिरी मात्र हवी. तीन ते सात वर्षांच्या मुलांवरील, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत नेहमीचे उपचार, कीड बंद करणे व केवळ प्रतिबंध या तीन मार्गांत सुमारे तीन वर्षांत वेदना किंवा संसर्ग झालेल्या मुलांचे प्रमाण ४० ते ४५ टक्क्यांच्या दरम्यानच राहिले. दंतिनापर्यंत कीड पोहोचल्यावर तंत्राच्या निवडीने फार काही वाचत नाही, असा त्याचा अर्थ लावणे योग्य वाटते.

जिथे टोपीही शक्य नाही, तिथे ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड कीड थांबवते. कीड कायमची काळी पडते. पुढच्या दातांवर लावण्याआधी पालकांना तसा फोटो दाखवून संमती घ्यावी. २०२१ पासून हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

भूल व वर्तन : जागा बधिर करणाऱ्या लिडोकेन या औषधाची कमाल मात्रा दर किलो वजनाला ४.४ मिग्रॅ. धरतात. २ टक्क्यांच्या १.८ मिलि. काडतुसात ३६ मिग्रॅ. औषध असते, म्हणजे १५ किलोच्या मुलाची मर्यादा ६६ मिग्रॅ., दोन काडतुसांपेक्षा कमी. एका बैठकीत जबड्याचे चारही भाग उरकण्याच्या घाईत ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. म्हणून वजन त्याच दिवशी करून, मात्रा सुई भरण्याआधी कागदावर लिहावी. खालचा जबडा बधिर केल्यावर मूल ओठ चावून जखम करते. घरी सोडताना हे सांगायचे राहून जाते. ‘सांगा–दाखवा–करा’ (प्रत्येक कृती आधी मुलाला सांगून, दाखवून मग करणे) ही पद्धत १९५९ पासून आणि फ्रँकल यांची मुलाच्या सहकार्याची चार पायऱ्यांची वर्तनश्रेणी १९६२ पासून प्रचलित आहे. ही श्रेणी प्रत्येक भेटीत नोंदवली, तर मूल बिथरत चालल्याचे वेळीच कळते.

पाणी व निर्जंतुकीकरण : मगजाचा वरचा भाग काढताना उघड्या मगजावर दंतयंत्राच्या नळीतले पाणी पडते. अमेरिकेत २०१५ मध्ये जॉर्जियात व २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात अशा उपचारांनंतर मुलांच्या जबड्यांत मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस या जंतूचा संसर्ग झाला. उगम नळीतल्या पाण्यात होता. नेहमीच्या कामासाठी दर मिलि. ५०० जंतुवसाहतींची मर्यादा मान्य आहे, परंतु मगज उघडा असताना निर्जंतुक द्रावणच वापरावे, असा सल्ला त्यानंतर दृढ झाला. नळ्या प्रत्येक मुलानंतर २० ते ३० सेकंद वाहू देतात. त्याने साचलेले पाणी निघते, आतला चिकट जंतुथर निघत नाही. त्यासाठी नेमाने रासायनिक सफाई आणि पाण्याचा नमुना तपासणे लागते.