अर्ली कॉलेज चार्टर हायस्कूल

अमेरिकेतील सरकारी अनुदानावर चालणाऱ्या, फी न घेणाऱ्या शाळेचा एक प्रकार. विद्यार्थी नववी ते बारावी शिकता शिकताच कॉलेजची क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, मिळवतात. काही जण दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊनच शाळेबाहेर पडतात. आपल्याकडे दहावीनंतर मूल ‘कॉलेजात जाते’ ते अकरावी-बारावीसाठी. अमेरिकेतले कॉलेज मात्र बारावीनंतरचे.

या कल्पनेचे मूळ न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात सापडते. तिथल्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजात १९७४ मध्ये मिडल कॉलेज हायस्कूल निघाले. शाळा सोडण्याच्या बेतात असलेली मुले मोठ्यांच्या संगतीत टिकतील, असा त्यामागचा विचार होता. चार्टर शाळांचा, म्हणजे करारावर चालणाऱ्या सरकारी अनुदानित शाळांचा, पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला. २००२ पासून गेट्स फाउंडेशनच्या पैशाने अर्ली कॉलेज शाळा देशभर पसरल्या. त्यांतल्या सगळ्याच काही चार्टर नाहीत.

शाळा काढणाऱ्याला आधी चार्टर, म्हणजे ठरावीक वर्षांचा परवाना-करार मिळवावा लागतो. बऱ्याच नियमांतून सूट मिळते, बदल्यात निकाल दाखवावे लागतात. नाही दाखवले तर शाळा बंद होऊ शकते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढतात. इमारत ही कायमची डोकेदुखी, म्हणून कॉलेजच्या आवारात चार खोल्या मिळाल्या तरी मोठी गोष्ट. बहुधा पहिल्या वर्षी फक्त नववी भरते, मग दरवर्षी एक इयत्ता वाढते.

खरी कसोटी कॉलेजशी होणाऱ्या करारात असते. पुस्तकांचा खर्च कोणाचा, शिकवणार कोण, दुसरे विद्यापीठ ही क्रेडिट मानेल का, हे आधीच लिहून घ्यावे लागते. गुणांचेच पाहा. संघराज्याच्या कायद्यानुसार कॉलेजातल्या नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा, मग तो पंधरा वर्षांचा का असेना. त्यामुळे आईवडील थेट प्राध्यापकाकडे गुण मागू शकत नाहीत. कॉलेजने शाळेकडे पाठवलेल्या नोंदी मात्र त्यांना पाहता येतात. म्हणून त्या कधी पाठवायच्या, हेही करारातच ठरवलेले बरे.

दहा अर्ली कॉलेज शाळांच्या सोडतीत नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना २०१३ च्या एका अहवालात आहे. अभ्यासाच्या काळात पहिल्या गटातल्या २२ टक्के मुलांनी कॉलेजची पदवी मिळवली, दुसऱ्यातल्या फक्त २ टक्क्यांनी. घाई मात्र अंगाशी येते: पंधराव्या वर्षी नापास झालेला विषय कॉलेजच्या गुणपत्रकावर राहतो आणि पुढे आर्थिक मदत मागताना आड येऊ शकतो. जाणत्या शाळा म्हणूनच नववीत एखाददुसराच हलका विषय घेऊ देतात.