प्लगची मिसिंग आणि हवेची मिसिंग

"मिस्त्री, गाडी उभी केली की लई थरथरायलीय. पळताना काहीच नाही. प्लग नवे हायेत, दोन कॉइल पण टाकल्या."

बीडच्या माझ्या गॅरेजात हे वाक्य महिन्यातून दोन-तीनदा ऐकू येतं. प्लगला करंट देणाऱ्या कॉइलचा आकडा तेवढा बदलतो, कधी एक, कधी चारही. मिसिंग, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण मधूनमधून न पेटणं, म्हटलं की करंट, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि दुःख याचं की कितीतरी मिस्त्रींच्याही डोक्यात तेच आहे. आयडलला, म्हणजे इंजिन चालू ठेवून रेस न देता, गाडी मिस होण्याची दोन कारणं एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत, पण सीटवर बसलेल्याला दोन्ही सारखीच जाणवतात. एकात ठिणगीच दुबळी. दुसऱ्यात ठिणगी ठणठणीत, पण थ्रॉटलला (रेस दिली की उघडणाऱ्या हवेच्या झडपेला) चुकवून चोरवाटेनं हवा आत शिरलेली. बोलतोय ते पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांबद्दल. डिझेलचं काम निराळं.

ठिणगीचं तुम्हाला माहीतच आहे. प्लग झिजला, गॅप वाढला, पांढऱ्या चिनीमातीला तडा गेला, कॉइलच्या रबरी बुटातून करंट गळाला, किंवा वाड्यात उभ्या गाडीची वायर उंदरानं कुरतडली. स्कॅनरवर, म्हणजे गाडीचे बिघाड-कोड वाचणाऱ्या यंत्रावर, पी०३०२ आलं म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस होतोय. दोनची कॉइल तीनला लावा, तीनची दोनला. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. कोड जागचा हलला नाही तर कॉइल निर्दोष, तिच्यावर आणखी एक रुपया घालू नका. मग हीच अदलाबदल प्लगची करा.

एक पद्धत मात्र मला अजिबात पटत नाही. प्लग काढायचा, इंजिनला टेकवायचा, सेल मारायचा आणि निळी ठिणगी दिसली की "करंट ओके" म्हणून मोकळं व्हायचं. उघड्या हवेत ठिणगी पडणं सोपं असतं. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेतून उडी मारायला तिला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. बाहेर चमकणारा प्लग आत मुका राहू शकतो.

आता हवेकडे. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि इंजिन मॅनिफोल्डमधून (थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांमधून) हवा ओढत राहतं, म्हणून आतला दाब ३० ते ४० किलोपास्कलवर येतो. बीडमध्ये बाहेरचा दाब साधारण ९५. म्हणजे बारीकशी फट मिळाली तरी बाहेरची हवा जोरानं आत घुसते. आयडलला इंजिनची हवेची भूकच थोडी, त्यामुळे त्या फटीतल्या हवेचा वाटा मोठा होतो, मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि पेटत नाही. रेस दिली की थ्रॉटलमधून भरपूर हवा येते, फटीचा वाटा नगण्य होतो, गाडी गुळगुळीत. फट कुठे असते? मॅनिफोल्डच्या गॅस्केटला, ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरच्या पाइपला, इंजिनातली वाफ परत आत नेणाऱ्या पीसीव्हीच्या नळीला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली रबर कडक होतं आणि वाकलेल्या जागीच चिरतं. बूस्टरची नळी गेली असेल तर बहुतेक वेळा ब्रेकचं पेडलही जड लागतं, ते ग्राहकाला आवर्जून विचारा.

इथवर सगळ्यांना कळतं. खरा घोळ पुढे आहे, आणि फुकट गेलेल्या पैशांपैकी निम्मे तरी इथेच गेलेले मी बघितलेत.

स्कॅनरवर पी०१७१ येतं. त्याचा अर्थ लीन, मिश्रण पातळ. लोक म्हणतात, झालं, हवा घेतेय. पण हा कोड येतो ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून, आणि तो सेन्सर पेट्रोल मोजत नाही, सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजतो. प्लग मारला नाही तर त्या सिलिंडरमधलं पेट्रोल जळत नाही आणि ऑक्सिजनही जळत नाही. तो सगळा ऑक्सिजन जसाच्या तसा सेन्सरपाशी पोचतो. सेन्सर सांगतो, पातळ आहे. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो. म्हणजे बिघाड प्लगचा, कोड हवेचा.

उलटंही तितकंच होतं. मॅनिफोल्डचं गॅस्केट फक्त दोन नंबरच्या तोंडाशी गेलं, तर चोरटी हवा त्याच एका सिलिंडरला जाते. मिसिंग एकट्या दोनची, कोड पी०३०२. बिघाड हवेचा, कोड सिलिंडरचा, आणि बिचारी कॉइल बदलली जाते.

म्हणून प्रश्न असा विचारा: आग लागली नाही म्हणून ऑक्सिजन उरला, की हवा जास्त आली म्हणून आग लागली नाही? कोड याचं उत्तर देत नाही. फ्युएल ट्रिमही, म्हणजे ईसीएमनं पेट्रोल किती टक्के वाढवलं-घटवलं तो आकडाही, एकट्याच्या बळावर देत नाही. आयडलला ट्रिम अधिक २० आणि २५०० आरपीएमला अधिक ३ असेल तर हवेचा संशय घट्ट होतो, हे खरं. पण फक्त आयडलला मिस होणारा प्लगसुद्धा हाच आकडा दाखवेल, कारण रेस दिल्यावर मिसिंग थांबली की उरलेला ऑक्सिजनही थांबतो.

मी तीन गोष्टी करतो. पहिली, इंजिनला बाहेरून थोडं इंधन पाजतो. एअर फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये कार्ब क्लीनरचा अगदी बारीक फवारा, आयडलवर. हवेची मिसिंग असेल तर पातळ मिश्रणाला हवं ते मिळतं, थरथर लगेच कमी होते, आवाज सावरतो. प्लगची असेल तर काही फरक पडत नाही, उपाशी नसलेल्याला जेवण वाढल्यासारखं होतं. सायलेन्सरमधून कच्चा वास तेवढा वाढतो. हे काम मोकळ्या जागेत करा, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा, आणि तापलेल्या एक्झॉस्टच्या बाजूला फवारा अजिबात जाऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट, पाच मिनिटं आयडलवर ठेवून गाडी बंद करतो आणि मिस होणाऱ्या सिलिंडरचा प्लग काढून बघतो. ठिणगी न मिळालेला प्लग पेट्रोलनं ओला, काळसर निघतो. हवा खाणाऱ्याचा कोरडा, फिकट. कोरडा निघाला पण फवाऱ्यानं फरक पडला नाही तर इंजेक्टर तपासा.

तिसरी परीक्षा रस्त्याची. मांजरसुंब्याचा घाट तिसऱ्या गिअरवर पूर्ण थ्रॉटल देऊन चढवा. ठिणगी दुबळी असेल तर बहुतेक वेळा भार पडल्यावर गाडी झटके देते, कारण सिलिंडर गच्च भरला की व्होल्टेज जास्त लागतं. हवेची मिसिंग असलेली गाडी घाट तक्रार न करता चढते आणि वर जाऊन चहाला थांबलात की पुन्हा थरथरते.

मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या एमएपी सेन्सरच्या गाड्यांचं थोडं वेगळं: तिथे सगळ्या सिलिंडरची सामाईक नळी फुटली तर चोरटी हवाही सेन्सरला कळते, त्यामुळे मिसिंगपेक्षा आयडल चढलेला सापडतो.

मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारं व्हॅक्युम गेज लावणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. व्हिडिओत १८ ते २१ इंच नॉर्मल सांगतात, ते समुद्रसपाटीचं. दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच कमी होतो आणि आपलं बीड ५०० मीटरच्या, म्हणजे सोळाशे फुटांच्या वर आहे. इथे काटा साडेसोळावर स्थिर असेल तर ते इंजिन निरोगी आहे. मुंबईचा आकडा धरून लोकांनी चांगली गॅस्केटं उपसलेली मी बघितलीत.

सीएनजीवाल्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर मिस, तर आधी प्लग-कॉइल, कारण गॅस पेटवायला ठिणगी जास्त तगडी लागते. दोन्हींवर आयडलला मिस आणि रेसला ठीक, फवाऱ्यानंही फरक नाही, तर टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग) तपासा. गॅसवर व्हॉल्व्ह सीट झिजते, टॅपेटचा गॅप संपतो, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं की एक वेगळा पडलेला दिसेलच.

बाकी किरकोळ. तीन सिलिंडरची गाडी थोडी हलणारच. फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबर, गेलं तर स्टिअरिंग थरथरतं, पण आरपीएमचा काटा स्थिर राहतो आणि कोड येत नाही. ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलनं ट्रिम वाढतो तो सगळ्या आरपीएमला सारखा, एकट्या आयडलला नाही. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

सुरुवातीला ज्यांचं वाक्य लिहिलं ते मास्तर गेवराईहून आले होते. कोड दोन होते, पी०१७१ आणि पी०३०२. फवारा मारला तशी गाडी शांत झाली. दोन नंबरचा प्लग कोरडा, जवळजवळ पांढरा. मॅनिफोल्ड उतरवलं तर दोन नंबरच्या तोंडाशी गॅस्केट कडक होऊन चपटं पडलं होतं. नवं बसवून बोल्ट मधून बाहेरच्या क्रमानं टॉर्क रेंचनं आवळले, ट्रिम अधिक २ वर आला. काढलेल्या दोन्ही कॉइल त्यांच्या डिकीतच होत्या. एकेक लावून बघितली. दोन्ही चालू होत्या. फडक्यात गुंडाळून, मास्तर, जपून ठेवा म्हणून सांगितलं.