व्हायोलाचं म्युझिक ओबोवर: आल्टो क्लेफ आला कुठून

ओबो (फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य) वाजवणाऱ्याच्या समोर व्हायोलाचा (व्हायोलिनच्या मोठ्या, जाड आवाजाच्या भावंडाचा) पार्ट ठेवला की पहिली कुरकुर क्लेफवरून, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या खुणेवरून असते, हे आल्टो क्लेफ कोण वाचणार. पण बाखच्या काळातल्या ओबोवाल्याला यात काही विशेष वाटलं नसतं.

११व्या शतकात इटलीत ग्वीदो द'अरेत्झोने रेघांवर सूर मांडायची पद्धत बसवली, त्यात सी नावाच्या सुराची रेघ पिवळी आणि एफची लाल. क्लेफचं कामही तेच, कुठली रेघ कुठला सूर ते सांगायचं. मग जाड आवाजासाठी सीची खूण वरच्या रेघेवर न्यायची, बारीक आवाजासाठी खालच्या, म्हणजे सूर पाच रेघांच्या फार बाहेर जात नाहीत. (आपल्या भातखंडे पद्धतीत मंद्राला खाली टिंब, तारला वर, विषय संपला!) फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात संगीतकार लुलीच्या ऑर्केस्ट्रात तर मधले तीन पार्ट व्हायोलासारख्याच लावलेल्या वाद्यांचे, पण सी क्लेफ (सीची ती खूण) एकाचा खालून पहिल्या रेघेवर, दुसऱ्याचा दुसऱ्या, तिसऱ्याचा तिसऱ्या. तिसऱ्या रेघेवरचा तोच आजचा आल्टो.

बाखच्या कँटाटांमध्ये (गायक आणि वाद्यांसाठीच्या रचनांमध्ये) बऱ्याचदा दोन ओबो व्हायोलिनांबरोबर आणि एफमधला टेनर ओबो थेट व्हायोलाबरोबर वाजतो, आणि त्याच्या ओबो दा काचाचे (तसल्याच जाड आवाजाच्या ओबोचे) पार्ट आल्टो क्लेफमध्येही सापडतात. पुढे इंग्लिश हॉर्नचा, म्हणजे ओबोच्या जाड आवाजाच्या भावाचा, तर नुसता गोंधळ झाला. इटलीत तो बरेचदा बसून (आणखी खालच्या आवाजाचं फुंकवाद्य) वाजवणारे वाजवायचे म्हणून रोसिनीने १८२९ च्या 'विल्यम टेल' ऑपेरामध्ये त्याला बेस क्लेफ (खालच्या सुरांचा) दिला, तोही एक सप्तक खाली लिहून. फ्रेंच ऑपेरावाले दुसऱ्या रेघेवरचा सी क्लेफ वापरायचे आणि हे मात्र हुशारीचं होतं, कारण वाजवणाऱ्याने सरळ ट्रेबल (ओबोचा नेहमीचा क्लेफ) समजून बोटं ठेवली की बरोबर सूर निघतो. प्रोकोफिएव्हने तर २०व्या शतकातही त्याला आल्टोच दिला.

त्यामुळे क्लेफ सवयीने जमतो, खरी अडचण खालच्या सुरांची आहे. ओबो मिडल सीच्या (पियानोच्या मधल्या सीच्या) जेमतेम एक सूर खाली, बी फ्लॅटपर्यंत जातो आणि व्हायोलाची सीची तार अख्खीच हातची जाते. इंग्लिश हॉर्न घेतला तरी तो ईला थांबतो. म्हणून सोपा मार्ग म्हणजे ट्रेबल समजून वाचायचं आणि प्रत्येक सूर एक पायरी वर वाजवायचा, शार्प-फ्लॅट मूळ स्केलचेच धरायचे, की सगळं आपोआप एक सप्तक वर येतं. मग व्हायोलाचा सगळ्यात खालचा सी ओबोवर आरामात बसतो, फक्त वरच्या टोकाचे पॅसेज तेवढे गाळावे लागतात.